संरक्षित वेळ

अर्ज बत्तीस पानांचा.
मुदत आज रात्री बारा.
वेंगुर्ल्यात वीज साडेआठला गेली ती गेलीच,
लॅपटॉपात सत्तेचाळीस टक्के उरलेत
आणि माझ्यात साधारण तेवढेच.

रकाना चार: पुढल्या पाच वर्षांत
आपला किती वेळ संशोधनासाठी संरक्षित असेल?
नियम म्हणतो, किमान पंचाहत्तर टक्के.
संरक्षित.
वायंगणीच्या वाळूत कासवाच्या अंड्यांभोवती जाळी लावतात,
तशी कोण लावणार माझ्या मंगळवार-बुधवारांभोवती?
ओपीडीत आज एकशे दहा केसपेपर होते.
मी रकान्यात ७५ लिहिते,
लिहिताना जरा अंग चोरते.

रकाना सात: विषय.
‘रक्त न थांबणाऱ्या बायका’ असं सरळ लिहिलेलं
सरांनी पुण्याहून फोनवर खोडायला लावलं.
“शास्त्रीय लिही, इंदुलेखा. पैसे देणाऱ्यांना कळेल असं.”
म्हणून आता तिथे एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे,
ज्यानं शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा उत्तरेच्या बेटावरची
एक पोर पाहिली होती.
त्या बेटावरही मासळीच असणार.

प्रभावती कुबल तिच्या रक्ताला नुसतं ‘पातळ’ म्हणते.
आदाळ्यावर सुरमई कापताना बोट गेलं
की हळद, फडकं, आणि दोन दिवस.
तिच्या आईचं तसंच.
मावशी पहिल्या बाळंतपणात गेली,
“रगात थांबूक नाय” एवढाच तिचा केसपेपर.
मुली पाळीचे दहा-दहा दिवस कुणाला सांगत नाहीत,
त्यांना वाटतं सगळ्यांचं असंच असतं.
“इतक्या रगात कित्याक घेतंस गो बाय?”
दोन चमचे, मी म्हटलं.
“तेवढा तर माझा रोज आदाळ्यार जाता.”

रकाना अकरा: पूर्वानुभव व आलेल्या अडचणी.
बॅटरी एकतीस.
सरांनी बजावलंय, अपयश लिहू नकोस.

गेल्या नोव्हेंबरात एकोणीस नमुने बांबोळीला निघाले
पास्कू फर्नांडिसच्या मासळीच्या टेम्पोतून.
माझ्याकडे गाडी नव्हती,
नमुन्यांकडे चार तास होते.
पास्कूनं खोका पाहिला, ऊन पाहिलं,
आणि माणुसकीनं, कुणाला न विचारता,
बांगड्यांच्या क्रेटात बर्फाखाली गाडला.
ताजं राहावं म्हणून.
जन्मभर ताजं म्हणजे त्याला एवढंच ठाऊक.

पण हे रक्त थंडीला भितं.
बर्फात आपलंच प्रथिन गमावून बसतं
आणि धडधाकट बाईही कागदावर आजारी दिसते.
एकोणीसच्या एकोणीस आजारी आल्या.
त्यात मीही होते,
तुलनेसाठी म्हणून दिलेला माझा नमुना.

दुसऱ्या दिवशी पास्कू दवाखान्याबाहेर उभा,
हातात पापलेटांची जोडी, तोंडातून शब्द नाही.
कशी रागावणार होते?
खोक्यावर चिठ्ठी मीच लावली नव्हती.

सर, मी हे लिहितेय.
शब्दमर्यादा दीडशे, पास्कूला एकशे बारा लागले.

मग खर्चाचा तपशील:
सेंट्रिफ्यूज एक. इन्व्हर्टर एक.
उणे ऐंशीचा फ्रीजर एक
(वरचा पिवळा भाग वेगळा काढल्यावर मात्र थंडी चालते,
तेही समजावून लिहिलं).
बायकांचा बुडालेला रोज, प्रत्येकी चारशे.
वाहनचालक, अर्धवेळ, महिना नऊ हजार:
श्री. पास्कू फर्नांडिस.
‘पात्रता’ खाली काय लिहायचं बराच वेळ सुचेना.
शेवटी लिहिलं: याला आता माहीत आहे.

माझं वय चौतीस.
पस्तिशीनंतर हा अर्ज करता येत नाही.

अकरा चाळीस.
नेट जेट्टीच्या टोकालाच लागतं.
ओढणीत लॅपटॉप गुंडाळून उभी आहे,
ट्रॉलरमध्ये बर्फाच्या लाद्या उतरतायत,
कुणीतरी टॉर्च मारून विचारतं,
“डॉक्टरीणबाय, हयसर खंय?”
मी नुसता हात वर करते.
पडद्यावर गोल फिरतंय.
सहा टक्के.
अजून फिरतंय.